परत आलेला धनादेश

बँकेच्या नोकरीत माझी छत्तीस वर्षे गेली. त्या काळात किती धनादेश माझ्या सहीने परत गेले असतील, याची गणती नाही. छापील चिठ्ठीवरील ‘अपुरी शिल्लक’ या कारणापुढे खूण करावयाची, सही करावयाची आणि पुढचा कागद हाती घ्यावयाचा, एवढेच ते काम. तो धनादेश ज्या घरी परत जाणार तेथे त्या संध्याकाळी काय होईल, याचा विचार करणे शाखाधिकाऱ्याच्या कर्तव्यात मोडत नव्हते. निवृत्तीनंतर सात वर्षांनी, २२ ऑगस्ट २०२४ रोजी, ऐन श्रावणात, तसाच एक धनादेश आणि तशीच चिठ्ठी आमच्या घरी आली. रक्कम होती ४ लाख ८५ हजार रुपये.

ही आपत्ती नव्हे, हे आरंभीच नमूद करतो. कोणाच्या जिवावर बेतले नाही, राहते घर गेले नाही, दुकान बंद पडले नाही. व्यापारी घराला बुडीत उधारी नवी नसते. हा लेख वाचणाऱ्या अनेकांच्या तिजोरीत असा एखादा जुना धनादेश पडून असेल. तरीही या लहानशा ठेचेने मला माझ्या श्रद्धेचा हिशेब तपासावयास लावला, आणि मी समजत होतो तितका तो स्वच्छ निघाला नाही. म्हणून हे लिहीत आहे.

एका संध्याकाळची चौकशी

सांगलीच्या गणपती पेठेत चिरंजीवांचे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. मूळ दुकान माझ्या वडिलांचे. मी एम. कॉम. होऊन बँकेत गेलो आणि वडिलांच्या पश्चात ते बंद पडले. चिरंजीवांनी २००९ साली ते पुन्हा उघडले. साखर, डाळी, रवा, मैदा, खाद्यतेल असा माल जिल्ह्यातील पन्नास-साठ किरकोळ दुकानांना जातो. ज्यांचा धनादेश परत आला ते गृहस्थ जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातील एका गावचे दुकानदार, अकरा वर्षांचे गिऱ्हाईक. मे ते जुलै या काळात चार खेपांत माल गेला, पैसे लांबत गेले, अखेर सर्व रकमेचा एकच धनादेश आला आणि तो वटला नाही.

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात. त्या दिवशी चिरंजीव दिवेलागणीनंतर आले, म्हणजे त्यांचे जेवण राहिलेच. हातपाय धुऊन त्यांनी तो धनादेश माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसून राहिले. मुलगा उपाशी आहे हे मला दिसत होते. तरीही मी बापाऐवजी शाखाधिकारी झालो. या गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा किती ठरवली होती? पहिल्या खेपेचे पैसे आले नसता दुसरी खेप का सोडली? त्यांच्या दुकानी शेवटचे कधी जाऊन पाहिले? सूनबाई आणि बारा वर्षांची नात दाराशी उभ्या असतानाच मी म्हणालो, “आमच्या बँकेत असे कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याकडून मी लेखी खुलासा मागवला असता. तारण काय होते तुझ्याजवळ?”

चिरंजीव हळूच म्हणाले, “अण्णा, तारण होते. महापुरातली एकशे चाळीस पोती.”

त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही. उत्तर टाळण्याचा प्रकार वाटला आणि माझा आवाज अधिकच चढला. त्या गृहस्थांना मी ‘लबाड’ असे दोन-तीनदा म्हणालो. त्यांना मी जन्मात पाहिलेही नव्हते.

नुकसान केवळ त्या रकमेपुरते नव्हते, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको. मालावरचा जीएसटी विक्रीच्या वेळीच भरून झाला होता; पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. शिवाय दुकानाचे बँकेत कॅश क्रेडिट खाते आहे. अशा खात्यावर किती उचल करता येईल हे शिल्लक माल आणि येणे यांवरून ठरते, आणि नव्वद दिवसांहून जुने येणे सामान्यतः त्यात धरले जात नाही. म्हणजे पैसे अडकलेच, वर बँकेकडून मिळणारी उचलही आटली. हाच नियम मी शेकडो व्यापाऱ्यांना समजावून सांगितला होता. नियम बरोबरच आहे. मात्र तो ऐकणाऱ्याच्या पोटात काय कालवते, हे मला त्या आठवड्यात कळले.

देवासमोरचा तक्रार-अर्ज

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे मंदिरात गेलो. अभिषेक झाला, पण चित्त ठिकाणावर नव्हते. भगवान पार्श्वनाथांच्या मूर्तीसमोर हात जोडून मी मनातल्या मनात एक तक्रार-अर्जच वाचला. आमच्या दुकानात वजनात कधी खोट नाही. मालात भेसळ नाही. घरात रात्रीभोजन नाही, कंदमूळ नाही. अष्टमी-चतुर्दशी पाळतो, दानाची पावती दरवर्षी फाटते. असे असताना हे आमच्याच वाट्याला का?

आपल्या धर्मात जिनेंद्र भगवान कोणाला काही देत नाहीत आणि कोणाकडून काही घेतही नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. ते वीतराग आहेत. आपण त्यांच्या गुणांना वंदन करतो. सभेत कोणी विचारले असते तर हे मी स्पष्ट करून सांगितले असते. पण त्या पहाटे गाभाऱ्यासमोर उभा असलेला माणूस ठेवीवरचे व्याज थकले म्हणून काउंटरवर भांडावयास आलेल्या खातेदारासारखा होता. चाळीस वर्षांच्या व्रतनियमांची मी जणू आवर्ती ठेव समजून जपणूक केली होती, आणि मुदतपूर्तीला घरात तोटा होऊ नये एवढी माझी अपेक्षा होती.

हे मला त्या दिवशी कळले नाही. ते कळावयास दसलक्षण पर्व यावे लागले.

मुदत कायद्याची

धनादेश न वटल्यास काय करावयाचे, हे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आहे. धनादेश परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने पैसे दिले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावयाची असते. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आमची तीस दिवसांची मुदत २१ सप्टेंबरला संपत होती. दसलक्षण पर्व त्या वर्षी ८ ते १७ सप्टेंबर असे आले होते. म्हणजे नोटीस पाठवावयाची तर ती पर्वाच्या दिवसांतच तयार होणार होती.

पर्वाच्या पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी, प्रवचन ऐकून आम्ही घरी आलो. सूनबाई पुढच्या आठवड्यात पाठवावयाच्या क्षमावणीच्या पत्रांची यादी करीत होत्या. त्यांनी सरळ विचारले, “अण्णा, यादीत त्यांचे नाव दरवर्षी असते. या वर्षी त्यांना क्षमावणीचे पत्र आणि वकिलांची नोटीस, दोन्ही पाठवायची का?”

मी उत्तर दिले, “क्षमा मनाची असते, मुदत कायद्याची असते. मुदत गेली की हक्क जातो.” हे उत्तर चुकीचे नव्हते, आजही मी ते बदलणार नाही. क्षमा म्हणजे येणे सोडून देणे नव्हे. गृहस्थाने आपल्या हक्काचे रक्षण करणे यात कोणत्याही अणुव्रताचा भंग होत नाही. पण त्या क्षणी माझ्या तोंडी जे वाक्य होते त्यात मुदत तेवढी खरी होती; मनातल्या क्षमेचा पत्ता नव्हता.

माझी सौ. आतून भाजी निवडत ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “नोटीस पोस्टाने जाते. क्षमा मागायला माणसाला जावे लागते.”

नोटीस ११ तारखेला रजिस्टर पोस्टाने रवाना झाली. तिची प्रत फाइलला लावताना चिरंजीवांनी कपाटातून एक जुनी वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली.

एकशे चाळीस पोती

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पेठेत होड्या फिरल्या. सौ.चा रक्तदाब वाढल्याने मी तिला घेऊन मिरजेस बहिणीकडे गेलो होतो. दुकानाशी चिरंजीव एकटेच होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी फोनवर सांगितले की निम्म्याहून अधिक माल वाचला, एका गिऱ्हाइकाने मदत केली. मी मंदिरात भेटेल त्याला सांगत असे, “धर्माने राखले. आपले पुण्य उभे राहिले.”

ते पुण्य कोणाच्या टेंपोतून आले होते, हे मी कधी विचारलेच नाही. वहीच्या त्या पानावर सारे लिहिले होते. ते गृहस्थ त्या दिवशी माल भरण्यासाठी सांगलीत आले होते. चढते पाणी पाहून त्यांनी स्वतःचा माल भरणे सोडले, गावाहून दुसरा टेंपो मागवला आणि चिरंजीवांबरोबर रात्रभर पोती उचलली. साखरेची ९०, डाळींची ५०, अशी एकशे चाळीस पोती साठ किलोमीटरवरील त्यांच्या गोदामात गेली. तीन आठवड्यांनी सर्वच्या सर्व परत आली. एका पोत्याची शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. गोदामाचे भाडे देऊ केले तेव्हा ते म्हणाले होते, “पुराचं भाडं कुणी घेतं का, मालक?”

त्यानंतर चिरंजीवांनी त्या नावापुढे उधारीची मर्यादा कधी लिहिली नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही चूक होती, हे मी आजही म्हणेन, आणि चिरंजीवही तसेच म्हणतात. परंतु ज्या माणसाला मी ‘लबाड’ म्हणालो होतो, त्याच्याच हातांनी आमचे दुकान एकदा वाचले होते. पाच वर्षे मी त्या वाचलेल्या मालाचे श्रेय माझ्या पूजेच्या नावावर जमा करीत आलो होतो. नोंद चुकीच्या खात्यावर झाली होती. बँकेत अशी चूक सापडली की त्याच दिवशी उलट नोंद करावी लागते.

निदान नावाचे शल्य

दसलक्षणात आपल्याकडे तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. त्यात आचार्य उमास्वामींनी व्रती कोणाला म्हणावे हे सांगितले आहे: ज्याच्या मनात शल्य नाही तो. शल्य म्हणजे रुतलेला काटा. काटे तीन आहेत: माया, मिथ्यात्व आणि निदान. मायेचा आणि मिथ्यात्वाचा अर्थ आपण सहज सांगतो. निदान या शब्दापाशी मी त्या दिवशी प्रथमच थांबलो. आपण करीत असलेल्या धर्माच्या बदल्यात भोगाची, फळाची इच्छा धरणे म्हणजे निदान. व्रत बाहेरून निर्दोष दिसेल, पण आत हा काटा असेल तर त्याला व्रत म्हणता येत नाही.

हा अध्याय मी किमान चाळीस वेळा ऐकला असेल. त्या दिवशी तो माझ्याविषयी बोलत होता. धनादेश परत आल्यावर मंदिरात मी जी तक्रार केली, ती निदानाचीच होती. मी वजनात खोट केली नाही, ती खोट करणे वाईट म्हणून, की आपल्या घरी तोटा येऊ नये म्हणून? रात्रीभोजन सोडले ते जीवदयेसाठी, की घरावर संकट येऊ नये म्हणून? दोन्ही हेतू मनात मिसळलेले होते. सर्व सुरळीत असताना ते वेगळे करून दाखवील असे काही घडले नव्हते. ते काम चार लाख पंच्याऐंशी हजारांच्या त्या कागदाने केले.

कर्मसिद्धांतात या प्रसंगाला नेमके नाव आहे. आठ कर्मांतील अंतराय कर्माचे पाच प्रकार आहेत: दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य यांत येणारे अडथळे. मिळावयाचे ते न मिळणे म्हणजे लाभांतरायाचा उदय. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनाही वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नव्हता. लोक हत्ती, घोडे, रत्ने आणून देत. मुनींना आहार कसा द्यावा हे कोणास ठाऊक नव्हते. अखेर हस्तिनापुरात राजा श्रेयांसांनी उसाचा रस दिला, तो दिवस आपण अक्षय तृतीया म्हणून पाळतो. त्या दीर्घ काळात भगवंतांनी कोणावर रोष धरला नाही. अंतराय आला, तो समतेने सोसला आणि त्याची निर्जरा झाली. आपल्या वाट्याला आलेला अंतराय त्या मानाने किती लहान! परंतु तो येताच आपण दोषी शोधू लागतो. प्रथम दुसऱ्यात, आणि कोणी सापडला नाही तर देवात.

माझीच सही

क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी चिरंजीव आणि मी दुकानाच्या टेंपोतून त्या गावी गेलो. दुकानाचे शटर निम्मे खाली होते, फळ्या बहुतेक रिकाम्या. गृहस्थ आम्हांला पाहून उठले. त्यांनी आमची नोटीस गल्ल्यातून काढून समोर ठेवली आणि म्हणाले, “काल मिळाली. तुमचं काही चुकलं नाही.”

मग त्यांनी घडलेले सांगितले. मेहुण्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. मेहुण्याचे हप्ते थकले. आमच्या धनादेशासाठी त्यांनी खात्यात रक्कम जमवून ठेवली होती, पण त्यांचे खाते आणि मेहुण्याचे कर्ज एकाच शाखेत होते. बँकेने जामीनदाराच्या खात्यातील रक्कम त्या कर्जाकडे वळती करून घेतली. दोन दिवसांनी आमचा धनादेश तेथे पोहोचला, तेव्हा शिल्लक उरली नव्हती. त्यानंतर लाजेने त्यांनी चिरंजीवांचे फोन उचलले नाहीत. ती मात्र त्यांची चूक होती, आणि ती त्यांनी कबूल केली.

त्या बँकेला मी दोष देत नाही. कर्ज थकले की जामीनदाराच्या ठेवीवर हक्क बजावणे हा बँकेचा अधिकार आहे. मी स्वतः तो अनेकदा बजावला आहे, आणि वरिष्ठांकडून शाबासकीही मिळवली आहे. त्या कागदांवर माझी सही होती. ती सही ज्या घरांत पोहोचली, त्यांपैकी एखादे घर असेच निम्म्या शटरचे असेल. मी बेकायदा काही केले नव्हते. तरीही त्या दुकानात बाकावर बसल्यावर मला बराच वेळ बोलता आले नाही.

नंतर मी हात जोडले आणि म्हणालो, “घरी मी तुमच्याविषयी वाईट शब्द बोललो. तुम्हांला न ओळखता बोललो. २०१९ साली तुमचे आभार मानायला हवे होते, तेही मानले नाहीत. त्याची क्षमा मागायला आलो आहे.” ते आपल्या समाजाचे नव्हेत, क्षमावणी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. पैसे येणे असलेला माणूस देणेकऱ्याची क्षमा मागतो, हे पाहून ते गोंधळले. आतल्या खाटेवरून त्यांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “अरे, घरी आलेल्यांना आधी चहा दे.” त्यामुळे सर्वांचीच सुटका झाली.

चहा झाल्यावर चिरंजीवांनी व्यवहार मांडला. एकूण येणे लेखी मान्य करावयाचे, दरमहा बारा हजार द्यावयाचे, आणि पुढील माल रोखीनेच न्यावयाचा. त्यांनी तसे लिहून सही केली. मुदतीच्या आत दिलेल्या अशा लेखी कबुलीने दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते, एवढी माहिती मी पुरवली. फौजदारी तक्रार दाखल न करण्याचा निर्णय चिरंजीवांचा. वकिलांना तो पसंत नव्हता. ती एक महिन्याची संधी पुन्हा येणार नाही, असे त्यांनी बजावले होते. आम्ही तो धोका समजून-उमजून पत्करला. प्रत्येकाने असेच करावे असे मी म्हणणार नाही. समोर कोण आहे आणि त्याने पूर्वी काय केले आहे, हे पाहूनच असा निर्णय घ्यावा.

नोव्हेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ पर्यंत चौदा हप्ते आले. त्यांतील दोन उशिरा. १ लाख ६८ हजार जमा झाले, ३ लाख १७ हजार येणे आहे.

कृतज्ञता कोणाविषयी?

मधल्या काळात दुकान कसे तगले, हेही सांगितले पाहिजे. मार्केट यार्डातील तेलाच्या व्यापाऱ्यांनी न मागता महिनाभराची मुदत वाढवून दिली. आमच्याकडे पंधरा वर्षे काम करणारा हमाल चिरंजीवांना म्हणाला, “माझा पगार पुढच्या महिन्यात धरा, मालक, घरात भागतंय.” त्याचा पगार वेळेवरच दिला, पण त्याचे ते वाक्य आमच्या घरी राहिले. सूनबाईंनी पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्या घेण्याची वेळ आली नाही, कारण सौ.ने तत्पूर्वीच आपली अडीच लाखांची मुदत ठेव मोडण्याचा अर्ज भरून ठेवला होता. ती ठेव सम्मेदशिखरजीच्या यात्रेसाठी होती. वीस तीर्थंकरांच्या त्या निर्वाणभूमीस सर्व कुटुंबाने मिळून जाण्याचे तिचे अनेक वर्षांचे मनोरथ होते. अर्जावर सही करताना ती म्हणाली, “शिखरजी कुठे जात नाही.”

भगवंत काही देत नाहीत, तर मग जैन माणसाने कृतज्ञ कोणाविषयी असावे, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. तेथे प्रत्येक द्रव्याचे उपकार सांगताना, एकमेकांच्या उपयोगी पडणे हा जीवांचा उपकार म्हटला आहे. १९७४ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने सर्व संप्रदायांनी जे जैन प्रतीक स्वीकारले, त्याच्या खाली तेच सूत्र आहे. आपल्या लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या दिनदर्शिकांवर ते छापलेले असते. मी ते हजारदा पाहिले. वाचले मात्र या वर्षी. टेंपो घेऊन आलेले ते गृहस्थ, तेलाचे व्यापारी, हमाल, सूनबाई, सौ. आणि भर रागात माझे बोलणे मुकाट्याने ऐकून घेणारे चिरंजीव, ही सारी त्या सूत्राची उदाहरणे माझ्या आजूबाजूलाच होती.

श्रद्धेविषयीही माझी समजूत थोडी सुधारली आहे. तोटा येणार नाही, असा विश्वास म्हणजे श्रद्धा, असे मी नकळत धरून चाललो होतो. आता वाटते, तोटा आला तरी वजनात खोट करावयाची नाही, शब्द फिरवावयाचा नाही आणि वैर धरावयाचे नाही, हे ज्याच्या आधाराने शक्य होते ती श्रद्धा. त्या कसोटीला माझ्यापेक्षा माझा मुलगा अधिक उतरला, हे लिहिताना मला कमीपणा वाटत नाही.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी

दुकानाच्या कामात आम्ही काही बदल केले. तरुण व्यापारी बंधूंना ते उपयोगी पडावेत. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे उधारीची मर्यादा आता लिहिलेली असते, जुन्या स्नेह्यांपुढेही. साठ दिवसांहून जुनी बाकी असेल तर नवा माल रोखीने जातो. फोन उचलला गेला नाही तर आठ दिवसांत प्रत्यक्ष जाऊन भेटावयाचे. हे मे महिन्यातच केले असते तर निम्मी रक्कम अडकली नसती. धनादेश परत आला तर बँकेची सूचना ज्या दिवशी मिळाली ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावयाची. आणि जामिनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी, ते कर्ज आपणच घेत आहोत असे समजून घरात विचार करावयाचा.

नव्या वहीचे पहिले पान

शिखरजीची यात्रा लांबली. तिच्याऐवजी आम्ही सर्वजण गेल्या हिवाळ्यात कुंभोज-बाहुबलीस गेलो. डोंगरावरील मंदिरांचे दर्शन घेऊन खाली अठ्ठावीस फूट उंचीच्या भगवान बाहुबलींसमोर बसलो. सर्व राज्य सोडून, वर्षभर अचल उभे राहूनही, भावाविषयीचा एक विकल्प मनात उरला होता तोवर त्यांना केवलज्ञान झाले नाही, असे आपली परंपरा सांगते. अंगावर वेली चढल्या त्याची त्यांना बाधा झाली नाही. मनातला तो एक विकल्प तेवढा अडसर झाला. नातीने विचारले, “आजोबा, तुमचा तो काटा निघाला का?” घरातील बोलणी मुले ऐकत असतात. मी तिला खरे तेच सांगितले: थोडा निघाला, थोडा आहे. हप्ता उशिरा आला की अजून तो सलतो.

२०२४ च्या दिवाळीत, भगवान महावीरांच्या निर्वाण दिनी वहीपूजन झाले आणि वीर निर्वाण संवत २५५१ ची नवी खातेवही उघडली. चिरंजीवांनी त्या गृहस्थांच्या पानावर नावे बाजूला ४ लाख ८५ हजार लिहिले. मग जमा बाजूला, रकमेचा रकाना कोरा ठेवून, एक ओळ लिहिली: ‘२०१९, पोती १४०.’ रक्कम नसलेली नोंद मी उभ्या हयातीत कोणत्याही खातेवहीत राहू दिली नव्हती. मी चष्मा पुसला, ते पान पुन्हा एकदा पाहिले आणि वही चिरंजीवांच्या हाती परत दिली. ती नोंद तशीच आहे.

या लेखात माझ्याकडून कोणाचे मन दुखावले गेले असल्यास उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.